पुसायला घेण्याआधी

बाळ, परवा फोनवर तू म्हणालीस, "आजोबा, या रविवारी येते आणि ते जुन्या कॅमेऱ्यांचं कपाट लख्ख करून टाकते." त्या 'लख्ख'ने मला रात्रभर झोप लागली नाही. कपाट आता तुझंच आहे, किल्ली आजीच्या सुपारीच्या डब्यात आहे, त्यात काही बदल नाही. पण आतल्या वस्तूंना हात लावण्याआधी हे वाचून ये. मला जे कोणी सांगितलं नाही आणि जे मी नुकसान करून शिकलो, ते तुला फुकट मिळावं म्हणून लिहितोय.

कपाट उघडलंस की तिसऱ्या खणात डावीकडे मलमलचं एक फडकं घडी करून ठेवलेलं दिसेल. त्यावर निळा-हिरवा डाग आहे. ते आधी बघ. 1986 साली मी चोरबाजारातून जादूच्या कंदिलाच्या, म्हणजे मॅजिक लॅन्टर्नच्या, अकरा स्लाइड आणल्या होत्या. त्यातली एक मोराची. काचेवर बारीक कुंचल्याने रंगवलेला मोर, पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळा. वर धुळीचा थर होता, म्हणून हे फडकं ओलं करून पिळून एकदाच अलगद फिरवलं. पिसारा फडक्यावर आला. काचेवर चोच आणि दोन पाय राहिले. तेव्हा चित्रनगरीत कॅमेरा विभागात मला सात वर्षं झाली होती, रोज लेन्स पुसत होतो, म्हणून वाटलं काच ती काच. पण त्या स्लाइडवरचा रंग काचेत मुरलेला नसतो, नुसता वर बसलेला असतो. पाणी लागलं की सुटतो, आणि जुन्या तैलरंगाला स्पिरिट लागलं की तोही सुटतो. रंगवलेली बाजू उघडी असेल तर तिथे काहीही न्यायचं नाही, मऊ ब्रशसुद्धा नाही. रबरी फुग्याने हवा मारायची आणि जेवढं उडेल तेवढ्यावर समाधान मानायचं. तोंडाने फुंकर मारू नकोस, थुंकीचा एक शिंतोडा पुरतो.

हातात घेताना स्लाइड कडांना धरायची, दोन्ही हातांनी, आणि खाली टेबलावर जाड टॉवेल पसरलेला हवा. छापील फोटोंच्या ज्या चौकोनी स्लाइड आहेत, सव्वातीन इंच बाय सव्वातीन इंच, त्या दोन काचांच्या आहेत. मधे चित्र, कडेला काळी कागदी पट्टी चिकटवलेली. ती पट्टी सुटलेली दिसली तर सेलोटेप लावायचा मोह आवर. त्याचा चिकटा दोन पावसाळ्यांत आत उतरतो. पट्टी तशीच राहू दे, स्लाइडसाठी साध्या पांढऱ्या कागदाचं पाकीट घे आणि त्यावर पेन्सिलीने लिही. लिहून झाल्यावर स्लाइड आत, आधी नाही, म्हणजे पेन्सिलीचा दाब काचेवर पडत नाही.

आणखी एक. पुष्कळ स्लाइडच्या एका कोपऱ्यात छोटा पांढरा ठिपका चिकटवलेला दिसेल. तो डाग नाही, खरवडू नकोस. ती अंगठ्याची खूण आहे. चित्र सुलट धरलं की ठिपका खाली डावीकडे येतो. कंदिलाचं भिंग चित्र उलटं टाकतं, म्हणून स्लाइड उलटीच सरकवायची असते. तू कंदिलामागे पडद्याकडे तोंड करून उभी राहा, ठिपका उजव्या अंगठ्याखाली वरच्या कोपऱ्यात येईल अशी स्लाइड धर आणि तशीच आत सोड. अंधारात, माणसं ताटकळलेली असताना, चित्र उलटं लागू नये म्हणून कोणीतरी शहाण्याने काढलेली ही युक्ती आहे. मला ती फार आवडते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणाचा तरी अंगठा तिथे होता, आता तुझा असेल.

तुला वाटेल, एका मोरासाठी म्हाताऱ्याने फडकं का जपून ठेवलं. आपल्या इथे ही कला कुठवर गेली होती ते ऐक. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 साली 'शांभरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या स्लाइडवर हाताने चित्रं रंगवायची, एकाच पात्राचे वेगवेगळे पवित्रे वेगवेगळ्या काचांवर काढायचे आणि ते एकामागून एक असे दाखवायचे की माणूस हलतोय असं वाटावं. सोबत निवेदन. त्यांच्या मुलांनीही ते काम पुढे चालवलं. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं 7 जुलै 1896 ला दाखवली गेली. म्हणजे त्याच्या चार वर्षं आधी कल्याणची माणसं पडद्यावर रामायण-महाभारतातली पात्रं हलताना बघत होती. कल्याण आपल्या दिंडोशीपासून काही लांब नाही. अशी एखादी काच अजून कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत पडलेली असेल, आणि कुणीतरी दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं घेऊन तिच्याकडे निघालं असेल. म्हणून हे फडकं मी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

कंदील लावायचा तर लाव, मी मना करणार नाही. पण आतला जुना रॉकेलचा दिवा काढून वेगळा ठेव आणि त्याच्या जागी सात-नऊ वॅटचा एलईडी बसव. हॅलोजन नको. उष्णतेने काच तडकते, रंग मऊ पडतो. वायरिंग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून कर, कंदिलाच्या पत्र्याला भोक न पाडता. एक स्लाइड मिनिटाच्या वर दिव्यासमोर ठेवायची नाही, हा माझा नियम आहे.

आता ओल. हे मात्र नीट वाच, कारण दिंडोशीत राहून या वस्तू सांभाळायच्या म्हणजे निम्मं काम हेच. आपल्या नागरी निवारा वसाहतीच्या मागे डोंगर, पलीकडे आरे, वर नॅशनल पार्कचं जंगल. मृणालताई गोरे यांच्या घरांसाठीच्या लढ्यामुळे आपल्यासारख्यांना इथे हक्काचं घर मिळालं, हवा मिळाली, आणि त्या हवेबरोबर जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला ओलही मिळाली. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की लेन्सवर बुरशी धरते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. तेवढ्यात पकडली तर निघते. राहिली तर तिच्यातून निघणारं आम्ल काच खातं, आणि मग बुरशी गेली तरी तिची नक्षी काचेवर कायम राहते. म्हणून कपाट डोंगराकडच्या बाहेरच्या भिंतीला कधीही लावू नकोस. आतल्या भिंतीला, तेही चार बोटं अंतर सोडून. जमिनीवर काही नको, आणि गच्चीखालच्या माळ्यावर तर मुळीच नको.

लेन्स चामड्याच्या केसमधून काढून ठेव. केस दिसायला देखणी असते, पण चामडं पाणी धरून ठेवतं आणि बुरशीला घर मिळतं. लेन्ससाठी स्वयंपाकघरातले रबराच्या कडेचे घट्ट डबे सगळ्यात उत्तम. आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस-पन्नासच्या मधे राहिला पाहिजे. सिलिका जेल केशरी रंगाचं घे, ते ओलं झालं की हिरवं पडतं. निळ्याचं गुलाबी होणारंही मिळतं, पण त्यात कोबाल्ट असतं, घरात लहान मूल असताना नको. हिरवं झालेलं जेल ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास ठेवलं की पुन्हा केशरी होतं. तांदूळ घालू नकोस. लोक सांगतात, पण तांदळाची पूड उडते आणि टोके होतात. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. आमच्या काळी कपाटात पंधरा वॅटचा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवायचे, पावसाळाभर. लेन्सला ते चालायचं. पण त्याच खणात लाकडी कॅमेरा असला की तो बिचारा एका बाजूने सुकून वाकायचा.

कारण लाकडाचं उलटं आहे. फार कोरडं झालं, तीस टक्क्यांच्या खाली गेलं, की सांधे उघडतात. लाकडी कॅमेरा घट्ट डब्यात बंद करायचा नाही. सुती कापडात गुंडाळून उघड्या खणात ठेव. तुझ्या खापरपणजोबांचा हाफ प्लेट कॅमेरा सागवानी आहे आणि सगळ्या कोपऱ्यांना पितळी पट्ट्या आहेत, पाहिल्या असशील. त्या शोभेच्या नाहीत. इथल्या उन्हात आणि पावसात सरस सुटायचा, म्हणून विलायतेतले कारागीर उष्ण देशांसाठी मुद्दाम सागाचे, पितळेने जखडलेले कॅमेरे बनवायचे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीच निघाली होती, भाऊ दाजींचे भाऊ डॉ. नारायण दाजी तेव्हाचे नावाजलेले फोटोग्राफर. त्या काळी ओल्या कोलोडियनची काच कॅमेऱ्यात घालायची आणि ती सुकायच्या आत, दहाएक मिनिटांत, फोटो काढून धुऊन मोकळं व्हायचं. मे महिन्यात हे करणाऱ्या माणसांना मी मनोमन हात जोडतो.

त्या पितळेला चिंच-मीठ लावायचं नाही. भांड्यांची पावडर तर अजिबात नाही. पितळेवर मुळात पातळ लाखेचा सोनेरी हात दिलेला असतो. तो एकदा घासून काढला की पितळ चार दिवस चमकतं आणि मग कायमचं काळवंडत राहतं. घासणीचे कण भिंगाच्या रिंगेत जाऊन बसतात ते वेगळंच. कोरडं मऊ कापड, बस. कॅमेऱ्याचा भाता ताणून बघू नकोस. अंधाऱ्या खोलीत आत मोबाइलची बॅटरी लावून बाहेरून बघ, जिथे प्रकाशाचा ठिपका दिसेल तिथे भोक. त्यावर पातळ काळा कागद आतून, तोही घडीच्या कोपऱ्यावर ताण येणार नाही असा. भाता बंद ठेवायचा, पण कडकडीत दाबून नाही. वर्षातून दोनदा उघडायचा, म्हणजे घड्या चिकटत नाहीत.

भिंग पुसायचा क्रम पाठ कर. आधी फुग्याने हवा, मग ब्रश, मग लेन्सचा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एका थेंबाने ओला करून मधून कडेकडे गोल. थेंब कागदावर टाकायचा, काचेवर नाही. जुन्या लेन्समधली भिंगं कॅनडा बालसम नावाच्या डिंकाने एकमेकांना चिकटवलेली असतात. अल्कोहोल कडेने आत झिरपलं की तो डिंक सुटतो. कडेला पिवळी झाक किंवा इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं दिसली तर समज की डिंक सुटू लागलाय, आणि तिथून पुढे हात लावू नकोस. आणि हो, त्या पितळी लेन्सला शटर नाही म्हणून ती मोडकी आहे असं समजून कुणाला देऊन टाकू नकोस. तेव्हा झाकण काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि झाकण लावायचे. बस एवढंच शटर.

काचेच्या निगेटिव्हचा डबा सगळ्यात जड आहे, तो एकटीने उचलू नकोस. काचा उभ्या ठेवायच्या, लांब कडेवर, ताटांसारख्या एकावर एक कधीच नाही, खालची तडकते. प्रत्येकीला साध्या कागदाचं वेगळं पाकीट. वर्तमानपत्र नको, प्लास्टिक नको. कुठल्या बाजूला मसाला, म्हणजे चित्राचा थर, आहे ते बघायला तिरपी धर, चकाकते ती काच, मंद दिसते ती मसाल्याची बाजू. डार्करूममध्ये आम्ही ओठ लावून बघायचो, चिकटली ती मसाल्याची बाजू. जुन्या काचांवर ते कधीही करायचं नाही.

26 जुलै 2005 च्या पावसात या काचा माझ्या मावसभावाकडे तळमजल्यावर होत्या. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं. दोन दिवसांनी मी पोचलो तेव्हा घाईघाईने, त्यांच्या भल्यासाठीच, कुणीतरी त्या उन्हात वाळत घातल्या होत्या, एकाला एक टेकवून. जिलेटिन फुगून एका काचेचं चित्र दुसरीला चिकटलं होतं. चौदा गेल्या. ज्या डब्यात अजून ओल्याच होत्या त्या वाचल्या. लक्षात ठेव, भिजलेल्या काचा चिकटल्या असतील तर ओढायच्या नाहीत आणि सुकूही द्यायच्या नाहीत. थंड स्वच्छ पाण्यात ठेवून हळूहळू सुटू द्यायच्या, मग एकेक वेगळी, मसाल्याची बाजू वर, सावलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर. हेअर ड्रायर नको.

कॉपी करायची तर स्कॅनरवर दाबू नकोस. टॅबलेटवर कोरं पांढरं पान उघड, त्याच्यावर दोन-तीन इंचांच्या ठोकळ्यांवर काच ठेव आणि वरून मोबाइलने फोटो घे. अंतर सोडलं की पडद्याचे ठिपके फोटोत येत नाहीत. मग मूळ काच परत पाकिटात, आणि बघायला-दाखवायला कॉपी.

आरशासारखा चमकणारा, तिरपा केला की निगेटिव्हसारखा दिसणारा छोटा फोटो कुठे सापडला तर तो डॅगेरोटाइप. त्याला कापूससुद्धा लावायचा नाही, पुसलं की चित्रच जातं. काळसर पत्र्यावरचा फोटो चुंबकाला धरला तर टिनटाइप. आपल्याकडे एकच आहे, पाकिटावर लिहिलंय.

एक धोक्याची गोष्ट. कुणी तुला 35 मिलिमीटरची जुनी फिल्म भेट दिली, आणि तिच्या कडेवर 'सेफ्टी' असं छापलेलं नसलं, तर ती घरात आणू नकोस. 1951 च्या आधीची पुष्कळ फिल्म नायट्रेटची आहे. ती पेटली की पाण्याखालीही जळत राहते. चिकट झालेली, तपकिरी पूड सुटलेली दिसली तर डबाही उघडू नकोस, कुरिअरनेही पाठवू नकोस. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोन कर आणि ते सांगतील तसं वाग. त्याला पर्याय नाही.

आता तुझ्या लेकाची बाजू. तो कपाटाला नाक लावून उभा राहतो आणि सगळे त्याला "हात नको" म्हणतात, हे मला बघवत नाही. खालच्या खणातली खेळणी मुलांच्या हातासाठीच बनली होती. मूळ वस्तू त्याला देऊ नकोस, पण तशीच्या तशी करून दे. झोइट्रोप घरी होतो. ब्रिस्टलच्या विल्यम हॉर्नरने 1834 मध्ये सुचवलेला तो फिरता डबा. केकचा गोल पुठ्ठ्याचा डबा घे, साधारण पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा. वरच्या अर्ध्या भागात बारा उभ्या फटी काप, प्रत्येक तीन मिलिमीटर रुंद, एकमेकींपासून साडेसहा सेंटिमीटरवर. फट रुंद झाली की चित्र फिसकटतं, म्हणून इथे घाई नको. बाहेरून डबा काळा रंगव, आतून पांढरा. खाली जुन्या पंख्याचं बेअरिंग. आत, फटींच्या खाली, बारा चित्रांची पट्टी. वरून दिवा, आणि फटीतून समोरच्या बाजूचं चित्र बघायचं. फटी बारा आणि चित्रंही बारा असली की चित्र जागच्या जागी हलतं. पट्टीत तेरा किंवा अकरा काढलीस तर सगळी रांग हळूहळू सरकत जाते, वारी चालल्यासारखी. दोन्ही करून दाखव त्याला.

चित्रं काढता येत नाहीत असं तो म्हणेल. मग मूग भिजव. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच टिपली होती, रोज एकेक चौकट, आणि ती फीत दाखवून त्यांनी पैसे लावणाऱ्याचा विश्वास मिळवला. त्यानंतर पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र'. चित्रनगरीवरची ज्यांच्या नावाची पाटी तू रोज बसमधून बघतेस त्यांची सुरुवात एका अंकुराने झाली, हे त्याला सांग. वाटीत ओल्या कापसावर एकच मूग ठेव, मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर टेकवून जागेवरून हलणार नाही असा, आणि दर तीन-चार तासांनी एक फोटो, बारा होईपर्यंत. रात्रीचे चुकले तर चुकू दे. छापून पट्टी कर. मूग फुटताना तो स्वतः बघेल, स्वतःच्या हाताने डबा फिरवून.

स्टिरिओस्कोपचं, म्हणजे दोन डोळ्यांसाठी शेजारी-शेजारी दोन फोटो असलेलं, कार्ड त्याला दाखवताना डावं-उजवं बदलू देऊ नकोस, बदललं की खोली उलटते, जवळचं लांब जातं. नवी कार्डंही करता येतात. आरेतलं एखादं झाड निवड, पुढे काहीतरी जवळ हवं, फांदी किंवा कुंपण. एक फोटो घे, मग मोबाइल साडेसहा सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरा. आपल्या दोन डोळ्यांत साधारण तेवढंच अंतर असतं. डावा फोटो डावीकडे लाव. वारा असला तर करू नकोस.

चोरबाजारात जाशील तेव्हा खिशात भिंग ठेव आणि स्क्रू बघ. प्लस खाचेचे स्क्रू 1930 नंतरचे. व्हिक्टोरियन म्हणून विकल्या जाणाऱ्या कंदिलाला ते असले तर एकतर तो नवा आहे किंवा कुणीतरी उघडलेला आहे. जुन्या पितळेचा स्क्रूसुद्धा फिरवू नकोस, खाच मोडते.

दसऱ्याला मात्र कपाट उघडायचंच. पाऊस सरत आलेला असतो, एकेक डबा उघडून बुरशी बघायची, जेल वाळवायचं, भाता उघडायचा. चित्रनगरीत आम्ही खंडेनवमीला कॅमेऱ्यांची पूजा करायचो, झेंडूची माळ, हळद-कुंकू, नारळ. मीही घरी करतो. पण हळद लाकडात मुरते आणि कुंकवाची पूड भिंगात जाते, म्हणून मी कॅमेऱ्यासमोर पाटावर पांढरा कागद ठेवतो, हळद-कुंकू त्या कागदावर, फुलंही त्यावरच. ते कागद सगळे कपाटाच्या वरच्या खणात आहेत, प्रत्येकावर साल लिहिलेलं. रविवारी आलीस की ते काढ, सगळ्यात वरच्याच्या खाली एक कोरा कागद ठेवलाय, यंदाचं साल त्यावर तू लिही.